अमावस्येची सुट्टी

ती घटना आठवली की आजही मला पहिला राग येतो तो माझ्या स्वतःच्या सहीचा. पोलीस खात्याच्या नोकरीत मी किती कागदांवर सह्या केल्या याचा हिशोब नाही. त्यातल्या दोन मात्र अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत, आणि त्या दोन्ही एकाच गुन्ह्याच्या कागदपत्रांत आहेत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मूळचा मी धुळ्याचा, देवपुरात वाढलेला. कॉलेजात विज्ञान शिकलो, फौजदार झालो आणि पाचोऱ्याच्या बाजूला एका ठाण्यात नेमणूक मिळाली. अंगात नवी वर्दी आणि डोक्यात एकच भूत: लोकांच्या खुळचट समजुती मोडून काढायच्या. कुणी लिंबू-मिरची बांधलेली दिसली तरी मी गाडी थांबवून दोन शब्द सुनावायचो. ठाण्यातले जमादार माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. ते अशा वेळी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत उभे राहायचे.

गावात रेल्वे स्टेशनच्या मागे लाकडाची एक वखार होती. तिथे लाकूड चिरायचं मोठं आरा मशीन होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: एक वर, एक खाली अशी दोन मोठी लोखंडी चाकं असतात आणि त्यांच्यावरून दातेरी पोलादी पातं पट्ट्यासारखं फिरत असतं. एका बाजूने माणसं ओंडका पात्यावर ढकलतात, पलीकडून एकजण चिरलेली फळी ओढून घेतो. हे पातं चालू असताना तुटलं, तर समोर जो उभा असेल त्याची काही खैर नाही. म्हणून पात्यापुढे लोखंडी जाळी लावलेली असते.

वैशाखातला सोमवार होता. ऊन असं की ठाण्यातल्या माठातलं पाणीसुद्धा कोमट लागत होतं. बाराच्या सुमारास वखारीतला एक माणूस धावत आला. पातं तुटलं होतं आणि फळी ओढणाऱ्या कामगाराच्या हातावर बसलं होतं. मी पोचेपर्यंत त्याला ट्रकमध्ये घालून जळगावला सिव्हिल हॉस्पिटलात नेलं होतं. जागेचा पंचनामा करायचा होता. जमादार एका ओंडक्यावर बसले आणि त्यांच्या नेहमीच्या संथ हाताने लिहू लागले. पातं किती लांब, तुकडे कुठे पडले, भुसा किती, रक्त कुठे, तुटलेली कड कशी दिसते, जाळी कुठे आहे. मी डोक्यावर रुमाल धरून उभा होतो आणि दर दोन मिनिटांनी म्हणत होतो, "आटपा जमादार, इथे काय कादंबरी लिहायची आहे?"

त्यांनी कागद पुढे केला. मी न वाचता सही ठोकली. ही पहिली सही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावला गेलो. जखमी शुद्धीवर होता. तिशीतला, अंगाने मजबूत माणूस. उजवा हात कोपराखाली काढावा लागला होता. डॉक्टरांची परवानगी घेऊन मी जबाब लिहायला बसलो.

"काय झालं, सविस्तर सांग."

"साहेब, आमोशा भोवनी."

अमावस्या भोवली म्हणे! मला वाटलं गुंगीत आहे. मी पुन्हा विचारलं.

"गेल्या आमोशाले मशीन चालनं, साहेब. कधीच चालत नही. यंदा शेठनी चालाडं. म्हनीसन हाई व्हयनं."

"अरे, पातं कुणी बिघडवलं का? कुणाशी भांडण? कुणावर संशय?"

"कोनावर नही. आमोशा भोवनी, बस."

त्याचा हात गेला होता, म्हणून मी आवाज चढवला नाही. पण आतून असा चिडलो होतो की विचारू नका. मनुष्य आयुष्यातून उठला तरी अमावस्या सोडत नाही! तो बोलला ते मी लिहून घेतलं आणि त्याच्यापुढे कंसात माझं स्वतःचं एक वाक्य घातलं: 'जखमी अंधश्रद्धेपोटी असे सांगत आहे.' खाली सही केली. ही दुसरी.

वखारीत परत येऊन बाकीच्या कामगारांचे जबाब घेतले. एकूणएक माणूस सगळा दोष अमावस्येलाच देत होता. "बठ्ठं आमोशानं करं, साहेब." चौथ्या जबाबानंतर मी पेन आपटलं. त्या सगळ्यांत मला फक्त एक माणूस शहाणा दिसला, तो म्हणजे वखारीचा मालक.

"साहेब, मी चार बुकं शिकलेला माणूस," शेठ म्हणाले. "महिन्यातला एक दिवस मशीन बंद ठेवायचं, का? तर चंद्र दिसत नाही! वडिलांच्या काळापासून हे चाललंय. यंदा देवपूरला एका वसतिगृहाच्या चौकटी द्यायच्या होत्या, कंत्राटदाराचा ट्रक दारात उभा. मी म्हटलं, ही अमावस्या आपण पाळायची नाही. एवढ्यावरून मिस्त्री माझ्याशी भांडला."

मी उठून त्यांचा हात हातात घेतला. "शेठ, तुमच्यासारखी चार माणसं गावोगाव निघाली तर देश सुधारेल," असं म्हणालो. हे वाक्यही मला पुढे महागात पडलं.

मिस्त्री म्हणजे पात्याला धार लावणारा, मशीन सांभाळणारा म्हातारा. साठीच्या पुढचा. सगळे त्याला आबा म्हणायचे. त्याच संध्याकाळी खबर आली. वखारीसमोर चहाची टपरी चालवणारा जमादारांना हळूच म्हणाला, की अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी आबा टपरीवर सगळ्यांदेखत बोलला होता, 'हाई पातं आठ दिवस काढनार नही. कोनाना तरी जीव जाई.' अपघाताच्या दिवशी तो कामावर आलाच नव्हता. आणि जखमी कामगाराला त्याने आदल्या दिवशी बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं होतं.

मला आणखी काय पाहिजे होतं? माझ्या डोक्यात गुन्हा उभा राहिला. अमावस्या मोडली म्हणून खवळलेला म्हातारा, आणि आपली अमावस्या खरी ठरवण्यासाठी त्याने पात्याला चोरून काप दिला. धमकी आहे, हेतू आहे, गैरहजेरी आहे. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावलं आणि त्याला घरून उचलून आणलं. बुधवारी न्यायाधीशांपुढे उभं केलं. शनिवारपर्यंत पोलीस कोठडी मिळाली.

आता या आबाची कथा ऐका. मी नोकरीत नाना तऱ्हेचे आरोपी पाहिले. रडणारे, पाया पडणारे, शिव्या देणारे. पण लॉकअपमध्ये शिरल्या शिरल्या दाराच्या बिजागरीची तक्रार करणारा हा एकच.

"साहेब, याले तेल नही शे," दार करकरलं तसा तो म्हणाला. "खालनी बिजागरी झिजी गई. कधी तरी हाई दार कोनाना अंगवर पडी."

"तू तुझं बघ," मी म्हणालो.

चौकशी सुरू केली तेव्हा वयाकडे बघून मी 'तुम्ही' म्हणत होतो. तासाभरात 'तू'वर आलो.

"पात्याला काप तू दिलास?"

"पात्याले काप देवाले माले काय येड लागनं?"

"मग आठ दिवसांत तुटेल हे तुला कसं कळलं?"

"ऐकू ऊनं."

"काय ऐकू आलं?"

"चांगलं पातं एकसारखं गास, साहेब. हाई मधमा टिक करे. टिक... टिक."

घ्या! आधी अमावस्या, आता गाणारं पातं. मी जमादारांकडे पाहिलं, जमादारांनी छताकडे पाहिलं.

"आणि सोमवारी कामावर का गेला नाहीस?"

"देखवे नही म्हनीसन. शेठले सांगं, दोन घंटा पातं उतराडू द्या. शेठ म्हने, आते पुढली आमोशाले. त्या पोऱ्याले भी सांगं, समोर उभा राहू नको, बाजूले राय."

"म्हणजे तुटणार हे नक्की माहीत होतं!"

"व्हतं ना!" तो मलाच समजावल्यासारखा म्हणाला. "तुम्ही पातं देखं का, साहेब? तुटेल कड काळी शे का धवळी?"

"ते प्रयोगशाळा बघेल. मला एवढंच सांग, अमावस्येला मशीन बंद ठेवायचं कुणी सांगितलं तुला?"

"मन्हा उस्तादनी."

"आणि उस्तादाला?"

"त्याना उस्तादनी."

दोन दिवस हेच. हात उगारायची माझी सवय नव्हती, पण खरं सांगतो, हात शिवशिवत होते. बरं, हा माणूस स्वतःसाठी काही मागेल तर शपथ. बायको डबा घेऊन यायची आणि ओट्यावर पदराने डोळे पुसत बसायची. हा तिला सांगायचा, "कानस वल्ली ठेवू नको, गंज चढी." लॉकअपमधून जीप सुरू झालेली ऐकली की म्हणायचा, डाव्या चाकाला ग्रीस नाही. ड्रायव्हरने चिडून चाक उघडलं. ग्रीस नव्हतं. ते मला जमादारांनी सांगितलं, पण मी म्हटलं, त्याचा या गुन्ह्याशी काय संबंध?

शुक्रवार उजाडला. आमच्या ठाण्यात शुक्रवारी बंदुका पुसायचा रिवाज होता. सकाळी सगळ्या बंदुका ओसरीवर सतरंजीवर मांडायच्या, नळीतून तेलाचं फडकं फिरवायचं, घोडा तपासायचा, काडतुसं मोजायची, रजिस्टरला नोंद करायची. त्या दिवशी बाजाराचा बंदोबस्त होता. एक शिपाई पुढे येऊन म्हणाला, "साहेब, आज घाई आहे. बंदुका उद्या पुसल्या तर चालेल का? वापर तर काहीच नाही."

दोन दिवसांचा सगळा राग मी त्याच्यावर काढला. "उद्या म्हणजे कधीच नाही! शुक्रवार म्हणजे शुक्रवार! एकदा चुकवलात की पुढच्या वेळीही घाई निघेल, आणि ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी नळीत गंज सापडेल!"

तेवढ्यात लॉकअपच्या गजांमागून आवाज आला.

"साहेब, शुक्करवारे बंदुकीमा देव येस का?"

"गप्प बैस! देवाचा काय संबंध? वार ठरवून दिला नाही तर कोणी हात लावत नाही, म्हणून..."

माझं वाक्य तिथेच थांबलं. आबा गजांना धरून उभा होता. चेहऱ्यावर हसू नव्हतं, जिंकल्याचा भाव नव्हता. उलट त्याला जरा हायसं वाटल्यासारखं दिसलं.

"मी शेठले हाईच सांगं, साहेब," तो म्हणाला.

जमादारांनी मान खाली घालून बंदुकीची नळी फार मन लावून पुसायला सुरुवात केली.

मी आबांना बाहेर काढलं, खुर्ची दिली, चहा मागवला. आणि मंगळवारी जो प्रश्न विचारायला हवा होता तो शुक्रवारी विचारला. "आबा, अमावस्येला तुम्ही नेमकं करता काय?"

मग तासभर तो माणूस बोलत होता. धार रोजच लावायची, ती चालत्या कामातली गोष्ट. पण अमावस्येला मशीन पूर्ण थंड. मेन स्विच काढून किल्ली मिस्त्रीच्या कंबरेला, म्हणजे कोणी चुकून चालू करायला नको. पाती सगळी उतरवायची. चाकांवर लाकडाचा चीक आणि भुसा बसून पापुद्रा धरतो, तो खरवडायचा, नाहीतर पातं चाकावर डुगडुगतं. ताण देणारी वजनं तपासायची, बेअरिंगला ग्रीस भरायचं, जाळीचे बोल्ट आवळायचे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, प्रत्येक पातं रॉकेलने पुसून कोरडं करायचं आणि त्यावर खडू फिरवायचा. दातांच्या बुडाशी केसाएवढी चीर असली तर तिच्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. चीर दिसली की ते पातं चढवायचं नाही. चिरेचा भाग कापून काढून नवा जोड द्यायचा.

"अमावस्याच का पण?" मी विचारलं.

"तो एकच दिवस मालक मशीन मांगत नही, साहेब," आबा म्हणाले. "भ्यास ना."

मालक भितो, म्हणूनच मशीनला तो एक दिवस मिळत होता. मी ताबडतोब पंचनाम्याचा कागद मागवला. जमादारांनी तो आधीच काढून ठेवला होता. त्यांच्या अक्षरात स्वच्छ लिहिलेलं होतं: 'पात्याच्या तुटलेल्या कडेचा दातांकडील दोन बोटे भाग काळपट व चिकट, उर्वरित भाग नवा व चकचकीत दिसतो. संरक्षक जाळी मशीनला नसून भिंतीशी टेकवून ठेवलेली आहे, बोल्टवर गंज नाही.' खाली माझी सही.

"जमादार, हे तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"साहेब, सांगत होतो. तुम्ही कादंबरी म्हणालात."

दुपारी पंच बोलावले, मुद्देमालाचं सील त्यांच्यासमोर फोडलं. तपासणी आबांच्या हातून नको म्हणून पाचोऱ्याहून दुसऱ्या वखारीचा मिस्त्री आणला. त्याने कड बघूनच सांगितलं, की करवतीने कापलेलं असतं तर सरळ ओरखडे दिसले असते. ही जुनी चीर आहे, चीक आत मुरून काळी पडलेली, उरलेला भाग सोमवारी तुटला म्हणून चकचकीत. मग त्याने पात्याच्या उरलेल्या भागाला रॉकेल लावलं, पुसलं, खडू फिरवला. आम्ही सगळे वाकून बघत बसलो. थोड्या वेळाने खडूवर एक ओली रेघ आली. मग दुसरी. मग तिसरी. एकाच पात्यात आणखी तीन चिरा, आणि हे पातं अमावस्येला उतरवायच्याऐवजी दोन पाळ्यांत चौकटी चिरत होतं. जाळीही त्याच घाईत नुकतीच काढली होती, कारण दर वेळी ओंडका लावताना ती उघडण्यात वेळ जातो.

त्या सगळ्या कामगारांनी मला पहिल्या दिवसापासून खरं तेच सांगितलं होतं. अमावस्या मोडली म्हणून पातं तुटलं. अगदी शब्दशः खरं. मी कारण विचारलंच नाही, कारण ते मला आधीच माहीत होतं ना! विज्ञान शिकलेला माणूस मी.

शनिवारी कलम १६९ प्रमाणे 'पुरावा नाही' असा अहवाल देऊन आबांना सोडलं. जायच्या आधी त्यांनी ठाण्यातलं बंदुकांचं थोडं तेल मागितलं आणि लॉकअपच्या दोन्ही बिजागऱ्यांना घातलं. मी माफी मागितली. ते म्हणाले, "चालस, साहेब," आणि बायकोच्या हातातली डब्याची पिशवी घेऊन निघून गेले. त्यांना अटक करताना गावाने पाहिलं होतं. सोडताना कोणी पाहायला आलं नाही. त्या वखारीत ते परत गेले नाहीत. पाचोऱ्याच्या मिस्त्रीने त्यांना आपल्याकडे नेलं.

शेठविरुद्ध यंत्र निष्काळजीपणे चालवणं आणि त्यातून गंभीर दुखापत, अशा कलमांखाली दोषारोपपत्र ठेवलं. अटक करायला गेलो तेव्हा त्यांना ते खरंच वाटेना. "साहेब, तुम्हीच तर माझा हात हातात घेतला होता," ते म्हणाले. खोटं काय होतं त्यात? शेठ वाईट नव्हते. त्यांनी एक समजूत मोडली आणि त्या समजुतीच्या पोटात काय ठेवलंय ते उघडून पाहिलं नाही. मीही तेच केलं. फरक एवढाच की मला खात्याने शिटी दिली होती.

दोन वर्षांनी खटला उभा राहिला. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. आरोपीच्या वकिलांनी मशीनबद्दल, चिरेबद्दल फार विचारलंच नाही. त्यांनी जखमीच्या जबाबाची प्रत माझ्या हातात दिली आणि कंसातलं वाक्य मोठ्याने वाचायला लावलं.

"जखमी अंधश्रद्धेपोटी असे सांगत आहे," मी वाचलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"म्हणजे अमावस्येला मशीन चालवण्याचा अपघाताशी संबंध नाही, असं तपास अधिकाऱ्याचंच मत होतं?"

"तेव्हा तसा माझा समज होता."

"धन्यवाद. आणखी प्रश्न नाहीत."

संशयाचा फायदा मिळून शेठ सुटले.

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं विचाराल तर दोनच गोष्टी. एक, न वाचता सही करायची नाही. दुसरी, जबाबात माणूस बोलला तेवढंच लिहायचं. आपलं शहाणपण कंसात घालायचं नाही. पुढे हाताखालच्या प्रत्येक नव्या फौजदाराला मी हे घोकून घ्यायला लावलं. मला वैतागून ते पाठीमागे नावं ठेवत असतील, ठेवू देत.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर लिंबाखाली तो जखमी कामगार उभा होता. शर्टाची उजवी बाही वर दुमडून टाचलेली. त्याला वाचता येत नव्हतं. डाव्या हाताने त्याने माझ्या हातातल्या फाईलकडे बोट दाखवलं.

"साहेब, वकीलनी मन्हं काय वाचाले लावं तुमले?"

मी कागद काढला आणि त्याला वाचून दाखवला. आधी त्याचे शब्द, मग माझे.

"पन मी तं खरं सांगं व्हतं, साहेब," तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो. "तू सगळं खरं सांगितलं होतंस. या कागदावर खोटं एकच वाक्य आहे, आणि ते माझं आहे."